फ्लॅट विकणाऱ्याने विमाही विकावा, की पार्टी विमा एजंटकडे पाठवावी?

पाथर्डीफाटा_रिसेल
नमस्कार मंडळी. नाशिकात रिसेल आणि भाड्याचं काम करतो. महारेराचा, म्हणजे घरखरेदीवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, एजंट नंबर आहे, सक्तीची परीक्षाही पास झालोय. धंदा बरा आहे, पण पितृपक्षात फोन वाजत नाही हे लाइनमधल्यांना सांगायला नको.

एका विमा कंपनीच्या मॅनेजरने चहाला बोलावून गणित मांडलं: तुमच्याकडचा प्रत्येक जण कर्ज काढतो, कर्ज म्हटलं की टर्म प्लॅन (माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा) आला, घर म्हटलं की घराचा विमा आला, तुम्ही फक्त विमा एजंटचा कोड काढा. इकडे आमच्या बिल्डिंगमधल्या विमावाल्या काकू म्हणतात, पार्टी माझ्याकडे पाठव, पहिल्या वर्षाच्या कमिशनमधलं निम्मं तुझं. दोन्ही धंदे करणारं कुणी आहे का इथे? काय करू?

बिनधास्त_४२२
काकूंचं ऐका. परीक्षा नाही, टार्गेट नाही, बसल्या जागी पैसे.

डोंबिवलीची_पॉलिसीताई
बिनधास्त, तुमच्या सल्ल्याने दादा आणि काकू दोघंही गोत्यात येतील. विमा कायदा १९३८, कलम ४०: विम्याचा धंदा आणून दिल्याबद्दल मोबदला फक्त एजंटला किंवा नोंदणीकृत मध्यस्थालाच देता येतो. काकूंनी पाकिटातून दिले काय आणि दिवाळीची भेट म्हणून दिले काय, गोष्ट तीच. उलट, काकूंनी घराची पार्टी तुमच्याकडे पाठवून पैसे घेतले तरी तसंच. गाठ घालून देऊन फी घेणारा माणूस रेरा कायद्याच्या व्याख्येत एजंटच ठरतो. नोंदणी झालेल्या प्रकल्पातला फ्लॅट असेल आणि काकूंकडे नंबर नसेल, तर दंड रोजचा १० हजार, वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत.

मी स्वतः दोन्ही करते. आधी विमा, घरांचं काम नंतर आलं. म्हणून मॅनेजरच्या गणिताबद्दल जरा सविस्तर लिहिते.

टर्म आणि घराचा विमा हे ऐकायला छान आहे. पण घराच्या विम्याचा हप्ता काढून बघा. २०२१ पासून भारत गृह रक्षा ही पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळते. फ्लॅट ८० लाखांना विकलाय म्हणून आपल्या तोंडून सहज ‘८० लाखांचा विमा’ निघतं. इथे बांधकाम पुन्हा उभं करायचा खर्च धरतात, जागेची किंमत नाही. ६०० चौरस फूट कार्पेटला २,५०० चा दर धरला तर झाले १५ लाख. घरातल्या सामानासाठी त्यावर २० टक्के आपोआप, म्हणजे ३ लाख. एवढ्या विम्याचा हप्ता तो किती आणि त्यातलं तुमचं कमिशन किती! मिसळ खाऊन घरी याल.

टर्ममध्ये पैसे आहेत, पण तुमचं गिऱ्हाईक कधी भेटतं ते आठवा. साठेखताच्या आठवड्यात त्याच्या अंगावर मुद्रांक शुल्क असतं, बँकेची प्रोसेसिंग फी असते, सोसायटीचे ट्रान्सफरचे पैसे असतात आणि तुमची दलाली असतेच. मी त्या आठवड्यात विम्याचं नाव काढत नाही. ज्याने आत्ताच घर गळ्यात घातलं तोच आता पॉलिसीही घालतोय म्हटल्यावर, फ्लॅटचा भाव तरी खरा सांगितला होता का, अशी शंका त्याला येते.

एक गोष्ट मात्र मी तेव्हाच करते. बँकेचं मंजुरीपत्र मागून घेते. एका जोडप्याच्या पत्रात कर्जसुरक्षा विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला होता, म्हणजे त्यावर २० वर्षं व्याज. त्यांना वाटत होतं ते घ्यावंच लागतं. बँक असं गळ्यात मारू शकत नाही, एवढंच मी सांगितलं. ते परत गेले आणि लेखी देऊन तो हप्ता काढून घेतला. टर्म त्यांनी ताबा मिळाल्यावर घेतला, माझ्याकडून. तोही विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली, म्हणजे ते पैसे बायकोमुलांचे, धनकोला हात लावता येत नाही.

तुमच्या धंद्यातली एक सवय इथे मोडावी लागेल. दलालीत घासाघीस चालते, दोन टक्क्यांचं दीड होतं. विम्यात कमिशनमधलं काही गिऱ्हाईकाला सोडलंत तर ते कलम ४१ चं उल्लंघन, दंड १० लाखांपर्यंत. आणि तेच गिऱ्हाईक हक्काने मागणार, कारण फ्लॅटला तुम्ही सोडलेले असतात.

आरोग्य विमा विकायचा विचार असेल तर त्याआधी एवढं ठरवा: रविवारी तुम्ही साइटवर पार्टीला बाल्कनी दाखवताय आणि हॉस्पिटलच्या काउंटरवरून फोन आला, कॅशलेस नामंजूर झालंय, तर तो उचलणार का? माझं तर सरळ मत आहे, उचलणार नसाल तर कोड काढू नका. पार्टी काकूंकडे फुकट पाठवा, पार्टीला विचारून नंबर द्या. काकूही त्यांच्या ओळखीतलं घर शोधणारं कुणी तुमच्याकडे फुकटच पाठवतील. एका पार्टीच्या दलालीपुढे ते अर्धं कमिशन किस झाड की पत्ती.

सीए_कॉलेजरोड
ताईंनी जीएसटी सोडला. नुसत्या विमा एजंटला नोंदणी लागत नाही, कारण त्याच्या कमिशनवरचा कर कंपनी भरते. पण त्याच पॅनवर दलाली आली की वर्षाच्या उलाढालीची २० लाखांची मर्यादा मोजताना दोन्हींची बेरीज धरतात. दलाली १४ लाख आणि कमिशन ७ लाख झालं तरी नोंदणी घ्यावीच लागेल, मग पुढे दलालीवर १८ टक्के लावा. रिसेलचं गिऱ्हाईक ते १८ टक्के द्यायला कुरकुर करतं, हे दादांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

पाथर्डीफाटा_रिसेल
धन्यवाद ताई, साहेब. काकूंना निम्म्याला नाही सांगतो. कोड बायकोच्या नावाने काढला आणि बोलणं मी केलं तर?

डोंबिवलीची_पॉलिसीताई
नको. ज्याच्या नावावर कोड, त्यानेच विकायचं, प्रस्तावावर एजंट म्हणून सही करायची आणि क्लेमच्या वेळी उभं राहायचं. वहिनींना स्वतःला करायचं असेल तर जरूर करू दे. विमा एजंट व्हायला लागणारी आयसी-३८ ही परीक्षा मराठीतूनही देता येते. पण आधी त्यांना विचारलंय का?