व्हॉलंटियर टीम पाडल्या, तरी कामं आम्ही दोघंच करून राह्यलो. काय करावं?

संत्रा_डेव्ह
नमस्कार मंडळी. शाळेच्या वाचनालयात पुस्तकांची देवघेव ठेवायचं आमचं छोटं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, सॉफ्टवेअर आहे, नागपूर आणि आजूबाजूच्या काही शाळांत चालून राह्यलं. सुरू केलं दोघा मित्रांनी, आता टेलिग्रामवर चाळीसेक लोकं, बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं, काही मिहानमध्ये नोकरीवाले, एकदोन शिक्षक. लोकं वाढली म्हणून रीतसर टीम पाडल्या, कोडिंग, टेस्टिंग, डॉक्युमेंटेशन, डिझाइन, अनुवाद, सोशल मीडिया, प्रत्येकीला लीड आणि वेगळा ग्रुप. सुरुवातीला नुसती धामधूम, लोगो काय न् बॅनर काय, मग सगळं थंड. आता पुल रिक्वेस्ट (माझा बदल कोडात घ्या अशी विनंती) आली की सगळे आम्हा दोघांच्या तोंडाकडे पाहतात अन् डिझाइनचा लीड तर गुड मॉर्निंगलाही उत्तर देत नाही. फुकट काम करणाऱ्याला रागावता पण येत नाही ना. कोणी टीम चालवल्या असतील तर सांगा, पुस्तकी ज्ञान नको.

टर्मिनल_काका
सहा टीम काहून पाडल्या भाऊ? चाळीसातून आठ जण टिकले तरी लय झालं. कंपनीत खाती असतात तशी खाती पाडली तुम्ही, पण त्या खात्यांना काम काय अन् ठरवायचा हक्क किती हे कुठंच दिसून नाही राह्यलं. डेबियन ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम १९९३ पासून व्हॉलंटियरवर चालते, तिथं पर्ल भाषेतली पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) पाहणारी टीम वेगळी, पायथॉन भाषेतली वेगळी, म्हणजे टीमच्या पुढ्यात नेमकं काय पडलंय ते नव्या माणसालाही दिसते. तुमच्याकडं बारकोड वाचायचा भाग असेल, रिपोर्ट असतील, इन्स्टॉलर असेल, प्रत्येकाला दोन नावं लावा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कोडओनर्स नावाची फाइल असते तिच्यात टाका, त्या भागाला हात लावणारी पुल रिक्वेस्ट आली की रिव्ह्यूची विनंती आपोआप त्यांच्याकडं जाते. फक्त एक, त्यांना राइट अ‍ॅक्सेस, म्हणजे कोड बदलायचा हक्क, द्यावा लागतो, नुसतं नाव लिहून गिटहब कोणाला बोलवत नाही. अन् तुमची खरी अडचण तीच वाटते मला, कामं वाटली पण मर्जचं, म्हणजे बदल मूळ कोडात घ्यायचं, बटण दोघांच्याच खिशात.

दुसरं, गायब लीडचं. डेबियनमध्ये बरेच दिवस न दिसणाऱ्या मेंटेनरची (पॅकेज सांभाळणाऱ्याची) विचारपूस करायलाच एक टीम आहे, एमआयए म्हणजे मिसिंग इन अ‍ॅक्शन म्हणतात. आधी सभ्य मेल, उत्तरच नाही आलं तर शेवटी पॅकेज ऑर्फन, म्हणजे बेवारस, जाहीर करतात, मग ज्याला पाहिजे तो उचलते. ‘मला जमत नाही, कोणी घ्या’ असं स्वतः जाहीर करायचीही पद्धत आहे, त्यात कोणाची नाचक्की नाही. आपल्याकडं माणूस लाजेकाजेस्तव ग्रुपमध्ये पडून राहते, सोडतही नाही करतही नाही.

मिहान_टेस्टर
काका, राइट अ‍ॅक्सेस असा वाटत सुटले तर २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं काय झालं ते आठवा. थकलेला एकटा मेंटेनर, नवा माणूस गोड बोलून दोनेक वर्षं पॅच (कोडातल्या दुरुस्त्या) देत राह्यला, इतर अकाउंटवरून ‘ह्याला घ्या, काम अडलंय’ म्हणून तगादा, आणि शेवटी ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोर, म्हणजे आत शिरायचा चोरदरवाजा. ते पण सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच (दुरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर काम करायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद हळू वाटलं म्हणून! इथं तर शाळेच्या पोरांची नावं आहेत डेटाबेसमध्ये.

टर्मिनल_काका
अरे पण तिथं माणूस एकटा होता म्हणून तर दबाव चालला. मर्जला दुसऱ्याची मान्यता सक्तीची करा, रिलीज करायचा अधिकार जुन्या दोनतीन जणांकडं ठेवा. अ‍ॅक्सेस दिला म्हणजे घराच्या किल्ल्या दिल्या असं नाही ना बाप्पा.

अनुवादवाली
अनुवादाचं मी सांगते. शिक्षकांना गिट (कोडातल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकवत बसू नका, वेबलेट या अनुवादाच्या साइटवर प्रोजेक्ट टाका, ब्राउझरमध्येच होतं सगळं. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसमध्ये कसं, अनुवाद सुचवू कोणीही शकतं, त्या भाषेचे एडिटर ते मंजूर करतात, आणि एकाच प्लगइनपुरता (वर्डप्रेसला जोडायच्या भागापुरता) मंजुरीचा हक्क असलेले एडिटर वेगळे. ही दुसरी पायरी फार कामाची आहे, माणसाला छोट्या जागेत हक्क मिळतो आणि तो टिकतो. एखाद्या बाईंनी शाळा सुटल्यावर बसून पन्नास वाक्यं केली आणि ती दोन महिने ‘प्रलंबित’ दिसली तर त्या परत येतील का हो? मला विचाराल तर लीडची निवड वगैरे सोडा, आलेल्या कामाला किती दिवसांत उत्तर जातं तेवढं पाहा.

सोशल मीडिया टीम बंद करा. पंगतीत वाढायला सगळे तयार, भांडी घासायला कोणी नाही, तसं होतं ते.

गोंदियाचा_बंडू
मी असल्याच एका प्रोजेक्टमधून बाहेर पडलो. रविवारी धरमपेठेत तर्री पोहे खाता खाता निर्णय व्हायचे आणि आम्हा बाहेरगावच्यांना सोमवारी कळायचं की आपण लिहिलेलं पान काढून टाकलं. भेटा ना, खुशाल भेटा, पण ठरलेलं लेखी टाका. अपाचे या ओपन सोर्स संस्थेत लेझी कन्सेन्सस असते, प्रस्ताव मेलिंग लिस्टवर टाकायचा, साधारण ७२ तास थांबायचं, कोणी कारण देऊन हरकत नाही घेतली तर मंजूर. आमच्यासारख्या रात्री दहाला लॅपटॉप उघडणाऱ्यांना तेवढं पुरते. आणि विद्यापीठाच्या परीक्षेच्या काळात पोरांकडून रिलीजची अपेक्षा काहून करता, वर्षाचं गणित त्यावरच बसवा. हॅक्टोबरफेस्ट या दर ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमातून गर्दी आणायच्या भानगडीतही पडू नका, २०२० मध्ये बक्षिसाच्या टी-शर्टसाठी फालतू पुल रिक्वेस्टचा असा पाऊस पडला की प्रोजेक्टची संमती असली तरच मोजायचं असा नियम त्यांना ऑक्टोबरातच करावा लागला.

संत्रा_डेव्ह
मस्त मंडळी. डिझाइन, सोशल मीडिया, टेस्टिंग तिन्ही ग्रुप बंद करतो, टेस्टिंग ज्याच्या त्याच्या भागात जाईल. वेबलेट आजच पाहतो. डिझाइनच्या लीडला काय सांगू पण? पोरगा चांगला आहे.

टर्मिनल_काका
मेसेज नको, फोन कर. ग्रुप बंद होऊन राह्यला एवढं सांग अन् पुढं करायचं का विचार. नाही म्हणाला तर रीडमीमध्ये (प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) जुन्या सहभागींत नाव ठेव, अ‍ॅक्सेस तेवढा काढ.

संत्रा_डेव्ह
ठीक आहे. कोडओनर्सची फाइल बनवायला घेतली, बारकोड आणि रिपोर्टला दोन-दोन नावं मिळाली, इन्स्टॉलरला एकच आहे. शाळांत अजून जुनं विंडोज आहे, कोणाला झेपत असेल तर सांगा.

गोंदियाचा_बंडू
माझं टाक. पण बैठकीचं ठरलेलं लेखी आलं तरच.