फॅमिली ग्रुप: ताईचं टेबल

आत्या: हा फोटो मला बाहेरून आला. आपली पोरगी चौकात टेबल मांडून उभी, पुढे पाटी: ‘प्रार्थना हवी आहे? थांबा, बोला.’ घरात कुणाला माहीत होतं? मला का सांगितलं नाही? येणारे-जाणारे काय म्हणत असतील?

थोरले काका: मला परवाच कळलं, मुद्दाम गप्प बसलो. आता विषय निघालाच आहे तर बोलतो. आपण चर्चमधली मिस्सा चुकवत नाही, घरी जपमाळ होते, कुणी अडला-नडला तर धावून जातो. श्रद्धा अशी वागण्यातून दिसावी. ती काय भाजी आहे, रस्त्यावर मांडायला?

धाकटे काका: फादरांची परवानगी आहे का?

ताई: जय ख्रिस्त सगळ्यांना. आत्या, सांगणारच होते. पण लीजन ऑफ मेरीच्या, म्हणजे मरियामातेच्या नावाने चालणाऱ्या त्या प्रार्थना-सेवा गटाच्या वेळी या ग्रुपवर जे झालं, त्यानंतर धीर होईना.

आत्या: लीजनचं मला काही ऐकवू नकोस. तेव्हा माझं म्हणणं वेगळं होतं आणि ते सगळ्यांनी मोडून-तोडून फिरवलं.

मधले काका: फोटो मोठा करून पाहिला. ते फोल्डिंगचं टेबल माझं आहे ना?

वहिनी: हो काका, तुमचंच. आमच्याकडे ठेवून गेलात ते नेलंच नाहीत. आमच्या पॅसेजमधून बाहेर पडलं याचं मला समाधान आहे.

पिंट्या: टेबल सुवार्तेला लागलं आणि काकांना पत्ताच नाही! स्वर्गात खात्यावर जमा होईल काका.

मधले काका: त्याचा एक पाय सैल आहे. जड काही ठेवू नका.

थोरले काका: टेबलाचं नंतर बघा. मी काहीतरी विचारलंय.

नाना: मी सांगतो. प्रेषितांची कृत्ये, 17वा अध्याय. अथेन्समध्ये संत पौल सभास्थानात बोलायचा, आणि बाजारात रोज जे कोणी भेटतील त्यांच्याशीही. ओळखीचे-पाळखीचे नव्हेत, जे भेटतील ते. पुढे तिथल्या अरीयपग टेकडीवर मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा विषय निघाला तेव्हा काही हसले, काही म्हणाले पुन्हा केव्हातरी ऐकू. दिओनुस्य, दामारी आणि आणखी थोड्यांनी विश्वास ठेवला. लोक काय म्हणतील हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

थोरले काका: नाना, पौल प्रेषित होता. आपली पोरगी नोकरी करून उरलेल्या वेळात उभी राहते. ज्याचं काम त्यानं करावं. पोप सहावे पॉल यांनी 1975 मध्ये स्पष्ट लिहिलंय की आजचा माणूस शिकवणाऱ्यांपेक्षा साक्ष देणाऱ्यांचं जास्त ऐकतो.

नाना: त्याच पत्रात ते हेही म्हणतात की नुसती साक्ष, कितीही चांगली असली तरी, पुरत नाही. ती कशासाठी आहे हे कधीतरी शब्दांत सांगावं लागतं. अर्धं पत्र वाचून थांबू नकोस. आणि ज्याचं काम म्हणशील, तर बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचं.

धाकटे काका: पण फादरांची परवानगी आहे का?

वहिनी: मला लोकांच्या बोलण्याची भीती नाही. मला वेगळंच टोचतंय. टेबलावर जपमाळा आणि पदकं फुकट ठेवली आहेत. उद्या कुणी म्हणालं की आमिष दाखवून ओढतात, तर काय उत्तर देणार?

ताई: वहिनी, हा प्रश्न खरा आहे, आम्हीही त्यावर खूप बोललो. 1965च्या धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातच चर्च म्हणतं की श्रद्धेचा प्रसार करताना जबरदस्ती नको, फसवणूक नको, आणि गरीब किंवा अशिक्षित माणसासमोर तर जास्तच जपा. म्हणून टेबलावर पैसे नाहीत, खाणं नाही, औषध नाही, नोकरीचा शब्द नाही. कुणाच्या मागे जात नाही, हात धरत नाही. कुणाचा पत्ता, फोन मागत नाही. लहान मुलं एकटी आली तर नुसतं हसून पुढे पाठवतो. जपमाळ घेऊन कुणाचं पोट भरत नाही. ती ज्याला प्रार्थना करायची आहे त्याच्याच उपयोगाची.

वहिनी: हे पाठ केल्यासारखं वाटतंय, पण मुद्दा पटला. पदकांचं अजून पटलेलं नाही. लोक ताईत समजतील.

ताई: समजतात ना! म्हणून देताना सांगतो की यात जादू नाही. 1830 मध्ये पॅरिसमध्ये संत कॅथरिन लाबूरे यांना मरियामातेचं दर्शन झालं, त्यावरून हे पदक आहे. त्यावरची ओळ ही मरियेला केलेली विनंती आहे. ऐकून काही जण परत ठेवतात. आम्ही वाईट वाटून घेत नाही.

मधले काका: पदकं कुणाच्या पैशातून?

ताई: आमच्याच. वर्गणी काढली. तुमच्याकडे मागणार नव्हते.

मधले काका: मी कुठे नाही म्हणालो! विचारायचं तरी.

आत्या: बरं, पण करता काय तिथे तासन्‌तास? भाषण?

ताई: भाषण एकदाही नाही आत्या. आम्ही दोघी असतो, एकटी कधीच नाही. एक बोलते, दुसरी मागे उभी राहून मनात जपमाळ म्हणते. परवा एक आजोबा आले. देवाचा विषयच नाही. बायको गेल्यापासून संध्याकाळ जात नाही, म्हणून चालत सुटतो, म्हणाले. मी नुसतं ऐकलं. बऱ्याच वेळाने त्यांनीच टेबलावरची एक माळ उचलली, क्रूस अंगठ्याखाली धरला आणि विचारलं, याचं करायचं काय? मी पहिल्या मण्यापासून दाखवलं. तीन मणी त्यांनी माझ्याबरोबर म्हटले, चौथ्याला थांबले आणि म्हणाले, बाकीचं घरी. माळ शर्टाच्या खिशात ठेवली, बटण लावलं आणि गेले. ते ख्रिस्ती नाहीत. होतील का, ते मी विचारलं नाही. त्यांच्या बायकोचं नाव मात्र विचारून घेतलं, तिच्यासाठी प्रार्थना करते.

आत्या: हं.

पिंट्या: आणि तो ओरडणारा? ते पण सांग.

ताई: तो म्हणाला, पैसे देऊन धर्म बदलता. मी म्हटलं, असं कुणी करत असेल तर ते पाप आहे आणि चर्चही त्याला मनाई करतं. तो आणखी ओरडला. मग मी गप्प राहिले. पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे ना, आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. आदर राखायला त्या वेळी गप्प बसणंच भाग होतं.

थोरले काका: हेच म्हणतो मी! उद्या चार जण आले तर? धैर्य आणि आततायीपणा यात फरक असतो. आणि चिडलेल्या माणसाला चर्चची शिकवण कोण समजावणार? चांगलं मन पुरत नाही, डोक्यात उत्तरं लागतात.

नाना: हे मात्र अगदी बरोबर बोललास. 1918 मध्ये लंडनमध्ये कॅथलिक एव्हिडन्स गिल्ड सुरू झालं. साधी नोकरदार माणसं हाइड पार्कात पेटीवर उभी राहून बोलायची. पण आधी वर्ग व्हायचे, आपलेच लोक समोर बसून वाकडेतिकडे प्रश्न विचारायचे, आणि परीक्षा पास झाल्याशिवाय कुणाला बोलायला उभं करत नसत. आपल्याकडे पोरांना हौस आहे, तयारी अर्धी आहे. ही माझीही तक्रार आहे.

धाकटे काका: परत विचारतो, कुणी उत्तर देत नाही. फादरांची परवानगी आहे का?

ताई: आहे काका, पहिल्या दिवसापासून. फादर स्वतः येऊन गेले. त्यांची अटच आहे की दोघांनी मिळून उभं राहायचं आणि माहीत नसेल तर ‘विचारून सांगते’ म्हणायचं.

धाकटे काका: मग आधी का नाही सांगितलं? माझा मेसेज दिसत नाही का कुणाला?

वहिनी: दिसतो काका. तीनदा दिसला.

धाकटे काका: टोमणे नकोत. सूनबाईंनी जरा जपून बोलावं.

वहिनी: माफ करा काका, तसं म्हणायचं नव्हतं.

आत्या: भांडू नका रे. मी अजूनही म्हणते की घरात सांगून करायला हवं होतं. काम वाईट आहे असं मी म्हटलेलं नाही. मी तिथे उभी राहणार नाही, हे आत्ताच सांगते.

ताई: नका राहू आत्या. पण नाना म्हणतात तसा वर्ग घेऊ या का? बुधवारी जपमाळेनंतर, आमच्या घरी. कुणीतरी समोर बसून उलटे प्रश्न विचारायला हवं. दोन मुली विचारत होत्या, पापं देवाला सांगायची सोडून फादरांना, एका माणसाला, का सांगायची? मी योहान 20:23 सांगितलं, येशू शिष्यांना म्हणतो की ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा होईल, पण नीट जुळवता आलं नाही.

नाना: मी येतो. योहानापासूनच सुरू करू.

पिंट्या: वाकडे प्रश्न म्हणजे थोरले काकाच पाहिजेत.

थोरले काका: येईन. थट्टा म्हणून नाही. पहिला प्रश्न आत्ताच देतो. देव प्रेमळ आहे असं तू रस्त्यावर सांगतेस. मग आपला अण्णा एवढ्या तरुणपणी का गेला? चौकात कुणीतरी हे विचारणारच. मला वचन वाचून दाखवू नकोस, ती मला पाठ आहेत. तुझं स्वतःचं काय ते सांग.

ताई: बुधवारी सांगते काका. आत्ता इथे टाइप करून नाही.