नवी बॅटरी टाकूनही यूपीएस लगेच बंद पडतो : बॅटरी बदलू की यूपीएस?

उदगीरकर
घरच्या कॉम्प्युटरला ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा साधा यूपीएस आहे. मी घरूनच काही दुकानांचे हिशेब टॅलीत करतो, त्यामुळे मशीन दिवसभर चालू असतं. दिवाळीत बॅटरी नवी टाकली. आता लाईट गेली की यूपीएस एक-दोनदा बीप करतो आणि कॉम्प्युटर बंद. लाईट असताना हिरवा दिवा लागलेला असतो, तेव्हा काहीच तक्रार नाही. परवा जीएसटी रिटर्नची एंट्री अर्धवट राहिली आणि टॅलीचा डेटा पुन्हा तपासत बसावं लागलं. जवळचे दुकानदार म्हणतात, यूपीएसच बदला. लोड म्हणजे साधा डेस्कटॉप, २२ इंची मॉनिटर आणि वायफाय राऊटर. मल्टिमीटर घरात आहे. आधी काय तपासू? आणि नवा घ्यायचा झाला तर कोणता?

सुलभा_ज
लेझर प्रिंटर त्याच यूपीएसवर आहे का हो? आमच्याकडे नेमकं तेच होतं. कागद गरम करताना तो एकदम भरपूर करंट ओढतो. थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावला आणि त्रास संपला.

उदगीरकर
नाही ताई, प्रिंटर वेगळाच आहे.

तारजोडणी
यूपीएस एवढ्यात टाकू नका. हिरवा दिवा फक्त बाहेरून लाईट येतेय एवढंच सांगतो, बॅटरीत दम आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. आणि नुसतं व्होल्टेज मोजूनही कळत नाही. मेलेली बॅटरीसुद्धा लोड नसताना साडेबारा व्होल्ट दाखवते, आणि तिथेच बहुतेक जण फसतात.

असं करा. रात्रभर चार्जिंग होऊ द्या. सकाळी यूपीएस बंद करून प्लग भिंतीतून काढा, मगच झाकण उघडा. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून बॅटरी बाहेर घ्या. दोन्ही टर्मिनलना एकाच वेळी पाना किंवा अंगठी लागू देऊ नका, शॉर्ट झाली तर हात भाजतो. बाकी सर्किटला अजिबात हात लावू नका, कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो. बॅटरी दोन-तीन तास तशीच ठेवून मोजा. १२.७ किंवा जास्त आलं तर चार्जर काम करतोय असं धरायला हरकत नाही.

आता खरी परीक्षा. गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब वायरीने बॅटरीला जोडा आणि बल्ब पेटलेला असतानाच मीटर लावा. बल्ब फार तापतो, फरशीवर ठेवा. चांगली बॅटरी पहिली पाच-दहा मिनिटं १२ च्या आसपास तग धरते. गेलेली बॅटरी मिनिटभरात ११ च्या खाली येते.

हे का होतं तेही सांगतो. बॅटरीवर ७ एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिहिलेलं असतं ते २० तासांत हळूहळू वापरली तर, म्हणजे जेमतेम ०.३५ अँपिअरने. तुमचा डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १२० वॅट धरले, तर यूपीएसमधला तोटा धरून बॅटरीतून १२ अँपिअरच्या आसपास ओढले जातात. आतला रोध थोडा वाढला असला तरी एवढ्या करंटला व्होल्टेज कोसळतं आणि यूपीएस बॅटरी वाचवायला स्वतःच बंद होतो. सगळं ठीक असेल तर दहा-पंधरा मिनिटं मिळायला हवीत.

माळरान
घरात इन्व्हर्टर आहे का, हेही सांगा. स्क्वेअर वेव्हचा (मेनसारखी गुळगुळीत लहर न देणारा, साधा) इन्व्हर्टर असेल तर त्याची लाईट पुष्कळ यूपीएसना पटत नाही. घरात लाईट असूनही यूपीएस बॅटरीवरच चालत राहतो आणि थोड्या वेळात बसतो. माझ्याकडे मेनसारखी लहर देणारा साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतल्यावर हे थांबलं.

उदगीरकर
इन्व्हर्टर नाही. तारजोडणी, तुम्ही सांगितलं तसं केलं. बॅटरी नुसती १२.७५. बल्ब लावल्याबरोबर ११.२ आणि बघता बघता १०च्या खाली. बॅटरी फुगलेली नाही, टर्मिनल स्वच्छ आहेत. पण दिवाळीत घेतलेली बॅटरी एवढ्यात कशी जाईल?

तारजोडणी
म्हणजे चार्जर बरा आहे, बॅटरी गेली. तुम्ही दिवाळीत घेतली, पण बनली कधी? अंगावर छापलेला तारीख-कोड बघा. लेड-ॲसिड बॅटरी दुकानात नुसती पडून राहिली तरी आपोआप उतरत जाते, उन्हाळ्यात जास्तच. मधे चार्ज केली नाही तर प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि तो पुन्हा चार्ज करून पूर्ण जात नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे. त्यामुळे तुमच्याकडच्या उन्हात यूपीएस टेबलाखाली भिंतीला चिकटवून ठेवू नका, चारी बाजूंनी वारा लागू द्या.

नवी घेताना तीन-चार महिन्यांच्या आतली तारीख असलेलीच मागा. मी स्वतः दुकानदाराला दोन-तीन खोकी उघडायला लावतो, त्यात संकोच कसला? १२ व्होल्ट ७ एएचच घ्या. ९ एएचही बहुधा त्याच आकारात मिळते आणि चालते, फक्त टर्मिनलची पट्टी रुंद असू शकते, वायरीची क्लिप बसतेय का बघून घ्या. मोटारीची मोठी बॅटरी मात्र बाहेरून जोडू नका. काही जण जोडून देतात. पण या यूपीएसचा चार्जर तिला नीट भरू शकत नाही, आणि ट्रान्सफॉर्मर तासन्‌तास चालायला बनवलेलाच नसतो, तापून जळतो.

सुलभा_ज
राऊटर यूपीएसवरून काढा असं मी सुचवेन. त्याच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस वेगळा मिळतो. कॉम्प्युटर बंद केल्यावरही नेट चालू राहतं, मोबाइलवरून रिटर्न भरता येतं. घेताना राऊटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर आणि पिनचा आकार जुळवून घ्या.

उदगीरकर
कोड बघितला. विकत घेण्याच्या वर्षभर आधीची निघाली. बिल जपून ठेवलं होतं, ते दाखवल्यावर दुकानदाराने वॉरंटीत बदलून दिली, नवीवर गेल्या महिन्याची तारीख आहे. ती बसवून रात्रभर चार्ज केली, सकाळी मुद्दाम मेन स्विच बंद करून बघितलं. टॅली सेव्ह करून, मशीन नीट शटडाउन करूनही यूपीएस चालूच होता. तारजोडणी, तुमचे मनापासून आभार. सुलभाताई, राऊटरचं या आठवड्यात करतो.

कोपरखळी_नको
माझ्याकडे दोन जुन्या बॅटऱ्या पडून आहेत, एक फुगलेली. भंगारवाला घ्यायला तयार आहे, देऊ का?

तारजोडणी
देऊ नका. तो फोडून आतलं ॲसिड गटारात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवतो, त्याची वाफ आजूबाजूच्या लहान मुलांच्या अंगात जाते. बॅटरी विकणाऱ्या दुकानातच परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकलिंगला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नवी घेताना जुनीचे पैसेही वजा होतात. फुगलेली नेताना आडवी करू नका, टर्मिनलवर चिकटपट्टी लावा. आणि ती ज्या यूपीएसमधली आहे त्याचं चार्जिंग व्होल्टेज मेकॅनिककडून मोजून घ्या. साधारण १३.५ ते १३.८ हवं. १४ च्या वर जात असेल तर तिथे टाकलेली नवी बॅटरीही फुगेल.