मदत हवी आहे : प्लंजर रॉड आट्यांपाशी तुटतोय, अंडरकट कसा ठेवू?

नमस्कार. पंपाच्या प्लंजर रॉडवर गाडी अडली आहे. रॉड ईएन८चा (मध्यम कार्बनचं पोलाद), ३० मिमी व्यासाचा. टोक २० मिमीला उतरवून त्यावर एम२० × २.५चे आटे (व्यास २० मिमी, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर २.५ मिमी) पाडले आहेत. प्लंजरला आतून आटे आहेत. तो टोकावर फिरवून शोल्डरला, म्हणजे व्यास बदलतो त्या पायरीला, घट्ट टेकवतो.

रॉड दर वेळी एकाच जागी तुटतो : शोल्डर आणि आटे यांच्यामधल्या अंडरकटमध्ये, म्हणजे गोल खाचेत. हा अंडरकट ३ मिमीच्या पार्टिंग टूलने १६ मिमीपर्यंत उतरवलेला, कोपरे काटकोनात. तुटलेलं तोंड भिंगाखाली पाहिलं. कडेपासून आत सरकत गेलेल्या कमानीसारख्या रेषा, तिथला पृष्ठभाग गुळगुळीत, आणि शेवटी जेमतेम छोटा तुकडा खडबडीत. म्हणजे एका झटक्यात तुटलेला नाही, फटीगच आहे (पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने तडा हळूहळू वाढणं).

अंडरकट काढूनच टाकावा, असं एकदा मनात आलं. पण टर्नरचं म्हणणं रास्त आहे : शोल्डरजवळ टूल मागे घ्यायला जागाच राहणार नाही, आणि शेवटचे आटे अर्धवट राहिले तर प्लंजर शोल्डरला टेकणारही नाही. मग ईएन२४ (जास्त मजबूत मिश्र पोलाद) घेऊ का? की आकारातच काही करता येईल? रॉड थोडेच लागतात, त्यामुळे साध्या लेथवर होईल असंच हवंय.

प्रतिसाद १

मटेरियल तूर्त बदलू नका. पोलाद जितकं कडक, तितकं ते धारदार कोपऱ्याला जास्त संवेदनशील. कोपरा तसाच ठेवून ईएन२४ घातलं तर पैशाच्या मानाने फायदा फार थोडा.

खडबडीत भाग छोटा आहे, म्हणजे सरासरी ताण फारसा नाही. सगळा घोळ त्या कोपऱ्यात आहे. शिवाय शोल्डरजवळचा पहिला आटाच एकूण भाराचा साधारण एक तृतीयांश वाटा उचलतो, आणि तुमची खाच नेमकी त्याला लागून आहे.

पिच १.५ घ्या. आट्याचा तळ १६.९ ऐवजी १८.२ मिमीच्या आसपास येतो. डीआयएन ७६ या जर्मन मानकाच्या तक्त्यात १.५ पिचला अंडरकटचा व्यास १७.७ आणि कोपऱ्याची त्रिज्या ०.८ मिमी आहे. खाचेतल्या छेदाचं क्षेत्रफळ २०१ वरून २४६ चौरस मिमी होतं. त्रिज्येचं टूल घासून घेतलं की टर्नरचं काम तेवढंच राहतं. जागा असेल तर त्रिज्या आणखी मोठी ठेवा, आणि तळाला टूलच्या आडव्या रेघा दिसू देऊ नका. पॉलिश पेपर मारून घ्या.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण आवळण्याकडेही बघा. ३ मिमीच्या गळ्याला, म्हणजे अंडरकटमधल्या बारीक भागाला, ताणायला लांबीच नाही. शोल्डर किंचित जरी दबला तरी आवळ सुटतो, आणि मग प्रत्येक स्ट्रोकचा पूर्ण ओढा गळ्यावर येतो. अंडरकट १०-१२ मिमी लांब करा, दोन्ही टोकांना त्रिज्या द्या, आणि प्लंजरच्या तोंडाशी तेवढ्या खोलीचं काउंटरबोअर (बिनआट्यांचं रुंद भोक) करा. आट्यांची पकड मात्र किमान २० मिमी उरली पाहिजे.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. प्लंजरची लांबी ४५ मिमी आहे, त्यामुळे काउंटरबोअर सहज बसेल. एकच विचारतो : प्लंजर ओतीव लोखंडाचा आहे, मग २० मिमी पकड पुरेल?

प्रतिसाद २

ओतीव लोखंडाला व्यासाच्या दीडपट धरा, म्हणजे ३० मिमी. ४५मधून १२ वजा जाता ३३ उरतात. बसतंय.