बगीच्यातल्या नोंदी आणि टिटवीची अंडी: मदत हवी आहे (इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदूरला सिरपूर तलावापासून जवळच राहते. २०२२ मध्ये तलावाला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला, तेव्हापासून तिथे जाऊन जाऊन पक्षी ओळखायला शिकले. मग कॉलनीच्या बगीच्यात सकाळी फिरणाऱ्या आम्ही सहा-सात जणांनी एक वही सुरू केली.

परवा ती वाचायला घेतली तर त्यात नवलाचं तेवढंच! राखी धनेश आला त्या दिवशी अर्धं पान. साळुंक्या, पोपट रोजचेच म्हणून कुणी लिहिलेच नाहीत. चिमण्या कमी झाल्या असं सगळेच म्हणतात, पण वहीतून ते दाखवता येत नाही. फार हळहळ वाटली.

खरी निकड टिटवीची आहे. मागच्या मोकळ्या जमिनीवर ती उन्हाळ्यात अंडी घालते. घरटं असं नाहीच, नुसता खळगा, भोवती खडे आणि मातीच्याच रंगाची चार अंडी. गेल्या मे महिन्यात गवत काढताना ती चिरडली गेली. माळीदादांना दिसलीच नव्हती, त्यांनाही वाईट वाटलं. यंदा मार्चपासून तेवढा तुकडा सोडून द्या, अशी विनंती करायची आहे आणि त्यासाठी हातात तारखा हव्यात.

तर रोज मोजावं की आठवड्यातून एकदा? थवा उडाला तर आकडा कसा धरायचा? अंड्यांची जागा अ‍ॅपवर टाकावी का? आणि बहाव्याचा चांगला स्वच्छ फोटो आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींचं संकेतस्थळ) टाकला, तो 'कॅज्युअल', म्हणजे संशोधनाचा दर्जा न मिळणारा, का झाला?

प्रतिसाद

ताई, बहावा लावलेला असणार. लागवडीच्या झाडांचं तिथे तसंच होतं. त्याच्यासाठी सीझनवॉच हा झाडांच्या ऋतूंनुसार नोंदी ठेवायचा उपक्रम बघा: तेच झाड, दर आठवड्याला पालवी, फुलं, फळं आहेत का, थोडी की भरपूर, एवढंच लिहायचं.

पक्ष्यांना ईबर्ड, म्हणजे पक्ष्यांच्या याद्या नोंदवायची ऑनलाइन सोय. आठवड्यातून एकदा चालेल, पण वाट तीच आणि वेळ तेवढाच, आणि ओळखू येईल तो प्रत्येक पक्षी लिहायचा, साळुंकीसुद्धा. यादी पूर्ण असली तरच 'चिमणी दिसली नाही' याला अर्थ येतो. थव्यातले दहा मोजा, तेवढा घोळका अख्ख्या थव्यात किती वेळा मावेल ते पाहा.

अंड्यांची जागा मात्र वहीतच राहू द्या. फोटोसाठी जवळ जाऊ नका. टिटवी उठली की कावळ्यांना सुगावा लागतो.

धागाकर्ती

मनापासून आभार! रविवारपासून आम्ही सुरू करतो. माळीदादांनाही बोलावते, पहाटेपासून तेच तिथे असतात. लिहिणं त्यांना जमत नाही, ते सांगतील तसं मी लिहीन. त्यांची नोंद वेगळी ठेवावी का?