‘वैष्णव’ आणि ‘भागवत’ हे शब्द समानार्थी आहेत का?

प्रश्न : पंचांगात काही वेळा लागोपाठ दोन दिवस एकादशी दिलेली असते, पहिली ‘स्मार्त’ (स्मृतिग्रंथांप्रमाणे आचार पाळणाऱ्यांची) आणि दुसरी ‘भागवत’. आमचे घर माळकरी असल्याने आम्ही दुसरी धरतो. वारकऱ्यांना वैष्णव म्हणतात, तर मग या एकादशीला ‘भागवत’ का म्हटले आहे? या दोन शब्दांच्या अर्थांत काही भेद आहे काय?

उत्तर : आजच्या मराठीत पुष्कळदा एकाच्या जागी दुसरा शब्द चालतो, परंतु दोघांची वाटचाल निराळी आहे. ‘विष्णु’ शब्दाला अण् प्रत्यय लागून, आद्य इकाराची वृद्धी (इ चा ऐ) आणि अंत्य उकाराचा गुण (उ चा ओ, पुढे अव्) होऊन ‘वैष्णव’ हे रूप सिद्ध होते. ‘विष्णु ज्याची देवता आहे ते’ असा त्याचा अर्थ. हे रूप वैदिक आहे, पण तेथे ते माणसाला नव्हे, तर यज्ञातील वस्तूला, पशूला किंवा हवीला लागते. यजुर्वेदातील ‘वैष्णवमसि विष्णवे त्वा’ हे शब्द यज्ञातील हविर्धानमंडपाला, म्हणजे हवीचे गाडे ठेवण्याच्या मांडवाला, उद्देशून आहेत.

भक्त या अर्थी आधी रूढ झालेला दिसतो तो ‘भागवत’ हा शब्द, म्हणजे भगवंताचा उपासक. विदिशेजवळ बेसनगर येथे इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्षशिलेच्या हेलिओदोर नावाच्या यवन राजदूताने देवदेव वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि त्यावरील लेखात स्वतःला ‘भागवत’ म्हणवले. जन्माने ग्रीक असलेल्या माणसाने हे विशेषण आपणहून लावावे, ही गोष्ट मला या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत मोलाची वाटते. या लेखात दैवताचे नाव वासुदेव आहे, विष्णु नाही. आपल्याकडील नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखातही आरंभीच्या वंदनात संकर्षण आणि वासुदेव येतात, विष्णु येत नाही. वृष्णिकुळातील वासुदेवाची भक्ती, वेदांतील त्रिविक्रम विष्णु आणि नारायण हे प्रवाह हळूहळू एकत्र आले आणि त्यानंतरच ‘वैष्णव’ हे संपूर्ण पंथाचे नाव होऊ शकले. पाचव्या शतकात दोन्ही शब्द शेजारीशेजारी आढळतात : गुप्त सम्राट स्वतःला ‘परमभागवत’ म्हणवतात, तर त्रैकूटक राजा दह्रसेन आपल्या चांदीच्या नाण्यांवर ‘परमवैष्णव’ असे लिहवतो.

पुढे रामानुज, मध्व, निंबार्क, वल्लभ आणि चैतन्य यांच्या परंपरांत ‘वैष्णव’ या शब्दाला दीक्षेचा अर्थ आला. गुरुपरंपरा, मंत्र आणि कपाळावरील ऊर्ध्वपुंड्र (उभे गंध) यांवरून वैष्णव ओळखला जाऊ लागला.

मराठी संतांनी मात्र हा शब्द वेगळ्या दिशेने नेला. ‘विष्णुमय जग वैष्णवांचा धर्म । भेदाभेदभ्रम अमंगळ’ असे तुकोबा म्हणतात, तेव्हा ते जगाकडे पाहण्याची दृष्टी सांगतात. कोणाची दीक्षा कोणती, हे विचारत नाहीत. विठ्ठलाने मस्तकी शिव धारण केला आहे असे मानणाऱ्या आणि ज्ञानदेवांची नाथपरंपरा अभिमानाने सांगणाऱ्या वारकऱ्यांच्या तोंडी ‘वैष्णव’ म्हणजे शैवाचा प्रतिपक्ष, असा अर्थ बसूच शकत नाही. म्हणून संतवाङ्मयातील ‘वैष्णव’ वाचताना मठांच्या वादांतील अर्थ त्यावर लादू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

आता एकादशीविषयी. अरुणोदयी, म्हणजे सूर्योदयापूर्वीच्या चार घटिकांत (96 मिनिटांत), दशमीचा स्पर्श असेल तर ती एकादशी विद्ध (दशमीने दूषित) मानून दुसऱ्या दिवशी उपवास करावा, हा वैष्णवांचा दंडक आहे. स्मार्त सामान्यतः सूर्योदयाची तिथी पाहतात. मराठी पंचांगांनी या दुसऱ्या दिवसासाठी ‘भागवत’ हे जुने नाव राखले आहे, आणि वारकरी आपल्या मार्गाला ‘भागवत धर्म’ म्हणत असल्याने ते आपल्या कानांना परकेही वाटत नाही.

पुरवणी (दुसऱ्या सदस्याकडून) : गोव्यात सारस्वत मंडळींत ‘आम्ही वैष्णव’ याचा अर्थ घराणे माध्व परंपरेतील पर्तगाळी मठासारख्या मठाचे अनुयायी, आणि ‘आम्ही स्मार्त’ म्हणजे कवळे मठाचे, असाच घेतला जातो. त्यात पंढरीच्या वारीचा संबंध नसतो.

उत्तर : ही भर योग्य आहे. देशस्थांतही ‘स्मार्त’ आणि ‘वैष्णव’ असा भेद सांगतात, तेथे ‘वैष्णव’ म्हणजे माध्वच. त्यामुळे लिहिताना संदर्भाने अर्थ स्पष्ट होत नसेल, तर मठपरंपरेसाठी ‘माध्व’ आणि पंढरीच्या भक्तांसाठी ‘वारकरी’ असे नेमके शब्द वापरावेत. ‘भागवत’ लिहितानाही लिंगाकडे लक्ष द्यावे : ‘तो भागवत’ म्हणजे भक्त, ‘ते भागवत’ म्हणजे पुराणग्रंथ.