एच६१ बोर्डावर आय३ काढून आय७ बसवावा का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे

छपाईघर :
नमस्कार मंडळी. मिरजेत आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, वास्तुशांतीची निमंत्रणं अशी कामं. पीसी २०१२ साली असेंबल करून घेतलेला : गिगाबाइटचा एच६१ मदरबोर्ड, इंटेलचा आय३-२१०० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज ७. त्यावर डिझाइनसाठी कोरल १३ आणि मराठी फाँटसाठी श्रीलिपी. श्रीलिपीचं लॉक (पीसीला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही ते) जुनं आहे आणि इतक्या वर्षांच्या फायली त्याच फाँटमध्ये आहेत, त्यामुळे हा सेटअप मोडायचा नाही. पण फोटो असलेली पत्रिका उघडायला घेतली की चक्र फिरत राहतं आणि गिऱ्हाईक समोर ताटकळतं. दुकानदार म्हणतो सेकंडहँड आय७-३७७० टाका, मशीन पळेल. बजेट पाच-सहा हजार. आय७ बसेल का आणि खरंच फरक पडेल का?

निळा_दिवा :
बसेल की नाही हे नंतर पाहू. आधी मशीन कुठे अडतंय ते शोधा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सचा टॅब उघडा ठेवून तीच जड फाईल उघडा. तुमच्या आय३ मध्ये दोन कोअर, चार थ्रेड आहेत (थ्रेड म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या रांगा), म्हणून चार चौकटी दिसतील. सीपीयू २५ टक्क्यांच्या आसपास चिकटून राहिला, तर एक थ्रेड पूर्ण भरलाय आणि प्रोसेसर कमी पडतोय. सीपीयू दहा-पंधरावर आणि कॅबिनेटचा लाल दिवा सतत पेटलेला असेल, तर डिस्क किंवा रॅम. बघून इथे सांगा.

छपाईघर :
बघितलं. फाईल उघडताना सीपीयू जेमतेम १२, लाल दिवा विझतच नाही. शॅडो दिली किंवा पीडीएफ काढली की मात्र २५ वर जाऊन बसतो.

रात्रपाळी :
माझं मत वेगळं आहे. चौदा वर्षं जुन्या बोर्डात पैसे घालू नका. रिफर्बिश्ड आठव्या पिढीचा ऑफिस पीसी घ्या, विंडोज ११ अधिकृतपणे चालेल. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टसुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ७ चं तर नावच नको.

निळा_दिवा :
रात्रपाळी, इंटरनेटच्या कामासाठी तुमचं शंभर टक्के पटतं. पण इथे जुनं लॉक, जुना कोरल आणि फायलींचा साठा एकत्र बांधलेला आहे. नव्या विंडोजवर लॉकचा ड्रायव्हर चालेलच याची खात्री कोण देणार? ऐन लग्नसराईत तो प्रयोग नको. हे मशीन टिकवावं, फक्त त्याला नेटपासून लांब ठेवावं. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती, पुढचे अपडेट आलेच नाहीत.

छपाईघर, तुमच्या आकड्यांवरून चित्र स्पष्ट आहे. प्रोसेसर तिसऱ्या नंबरवर येतो.

पहिली एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. एच६१ वर साटाचा (डिस्क जोडायच्या वायरीचा) वेग ३ गिगाबिटच आहे, म्हणजे एसएसडी तिच्या निम्म्या वेगाने धावेल. तरीही घ्या. तुमचा वेळ जातो तो डिस्कच्या काट्याने इकडून तिकडून बारीक बारीक तुकडे गोळा करण्यात, आणि तो त्रास मुळातूनच जातो.

दुसरी रॅम. त्याआधी विंडोज ३२ बिट आहे की ६४ ते पाहा. ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वर टाकलेली रॅम वाया. ६४ असेल तर ४-४ जीबीच्या दोन काड्या, दोन्ही स्लॉट भरा. ८ जीबीची डीडीआर३ काडी संशय यावा इतकी स्वस्त मिळाली तर विचारा, ती फक्त एएमडी प्रोसेसरच्या बोर्डावर चालणारी असते. तुमच्या इंटेलच्या बोर्डावर ती लावून पीसी चालूच होणार नाही.

आता प्रोसेसर. आय७-३७७० नको. जास्तीचे पैसे जातात ते आठ थ्रेडसाठी आणि तुमचा कोरल एकच थ्रेड वापरतोय, ते २५ टक्के तेच सांगतात. आय५-३४७० किंवा ३५७० पुरे. तुमचा आय३ ३.१ गिगाहर्ट्झच्या वर जातच नाही, ३४७० टर्बोमध्ये (गरजेपुरता आपोआप वाढणारा वेग) ३.६ पर्यंत जातो, शिवाय पिढी पुढची. पाच मिनिटांची पीडीएफ चारेक मिनिटांत येईल. त्याहून मोठी अपेक्षा ठेवू नका. आणि झिऑन ई३-१२३० व्ही२ हा सर्व्हरचा प्रोसेसर कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागेल.

कुपवाडकर :
बायोसचं (पीसी सुरू करणारं, बोर्डावरच असलेलं सॉफ्टवेअर) आधी बघा! २१०० दुसऱ्या पिढीचा, ३४७० तिसऱ्या. सॉकेट ११५५ एकच असला तरी जुन्या बायोसला तिसरी पिढी ओळखता येत नाही. सीपीयू-झेड या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये मेनबोर्डच्या टॅबवर मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दिसते. बोर्डाच्या कोपऱ्यावर रेव्हिजन छापलेलं असतं, तेही लिहून घ्या, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या वेगवेगळ्या रेव्हिजनचे बायोस वेगळे असतात. मग कंपनीच्या साइटवरच्या सीपीयू यादीत ३४७० कोणत्या आवृत्तीपासून चालतो ते बघा.

बायोसचा अपडेट आय३ बोर्डावर असतानाच करायचा. आय५ लावून स्क्रीनच आली नाही तर अपडेट कुठून करणार? पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, पीसी चालू होताना एंड दाबून क्यू-फ्लॅशमध्ये (गिगाबाइटची बायोस अपडेट करायची सोय) जा. यूपीएसची बॅटरी दमलेली असेल तर त्या दिवशी हात लावू नका, मधेच लाइट गेली तर बोर्ड कामातून जातो.

छपाईघर :
खूप उपयोगी माहिती. विंडोज ६४ बिट आहे. प्रोसेसर मी स्वतः बदलू शकेन का? विंडोज परत टाकावं लागेल का?

कुपवाडकर :
बदलू शकाल. पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून वायर काढा आणि मगच कूलर उचला, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरमधली वाळलेली पेस्ट सैल झालेली असते. कूलरच्या चारही खिळ्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा. ११५५ मध्ये पिना बोर्डावर असतात, म्हणून प्रोसेसर सरळ खाली ठेवायचा, सरकवायचा नाही. खाचा जुळल्या की आपोआप बसतो. लिव्हर दाबताना थोडा जोर लागतो, घाबरू नका. जुनी पेस्ट पुसून नवी हरभऱ्याच्या डाळीएवढी. खिळ्या समोरासमोरच्या जोडीने दाबा आणि बोर्डाच्या खालून चारही बाहेर आल्यात ना ते टॉर्च मारून बघा.

निळा_दिवा :
प्रोसेसर बदलला म्हणून विंडोज परत टाकावं लागत नाही. एसएसडीवर आहे ती डिस्क क्लोन करा (जशीच्या तशी उतरवा) आणि लॉक लावून श्रीलिपी उघडतेय ना ते बघा. जुनी हार्ड डिस्क पुसू नका, तारीख लिहून कपाटात ठेवा. आधी एसएसडी आणि रॅम टाकून आठवडाभर काम करा. तेवढ्यानं भागलं तर आय५ चे पैसे नव्या यूपीएस बॅटरीला वापरा.